दोन दारांचं घर आणि अधिक महिना

अण्णा,

वडिलांना पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' लिहावं, हे तुम्हीच शिकवलंत. आज नाही लिहिणार. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. आज लिहितेय कारण आईची ट्रंक भरून आमच्या दाराशी ठेवलेली आहे आणि तिला न्यायला कोणी येत नाहीये. तुमचे दोघे मुलगे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे झालेत. ही सगळी करणी तुमची आहे, म्हणून निदान ऐकून तरी घ्या.

नव्वदीच्या सुरुवातीला तुम्ही पाथर्डी फाट्याच्या आत प्लॉट घेतलात. तेव्हा तिथे चहूकडे द्राक्षबागा होत्या. रविवारी आपण नाशिक रोडच्या क्वार्टरमधून बसने जायचो, आणि तुम्ही चुन्याच्या रेघांवरून चालत आम्हाला घर दाखवायचात. हा सुनीलचा हॉल, याच्यावर अनिलचा. हे सुनीलचं स्वयंपाकघर, वर अनिलचं. मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?" तुम्ही हसलात. म्हणालात, "तू तर पाहुणी गं, उद्या सासरी जाशील." अण्णा, मी माझं विचारतच नव्हते. माझ्या शेजारी आई उभी होती, तिचं विचारत होते.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मात्र पाणी मारायला पाहुणीच लागली. सुनीलची बारावी, अनिलची दहावी, त्यांच्या अभ्यासाचं नुकसान नको. माझ्या कॉलेजचं झालं तरी चालणार होतं. दोन बस बदलून मी साइटवर जायची आणि पिंपातून बादल्या भरभरून भिंती भिजवायची. स्लॅब पडल्यावर वर मातीची आळी करून पाणी साठवलं होतं, ते भर मे महिन्यात आटू द्यायचं नाही, अशी ताकीद. संध्याकाळी ऑफिसमधून तुम्ही यायचात, भिंतीवरून हात फिरवायचात आणि म्हणायचात, "हा कोपरा कोरडा राहिलाय." पोरगी दमली असेल, तिला चहा तरी पाजावा, असं कधी मनात आलं का हो तुमच्या?

गवंडी तर तुम्हाला वैतागला होता. खालचा ओटा वरच्यापेक्षा बोटभर लांब झाला, म्हणून तुम्ही तो फोडायला लावलात. दोन दारं, दोन देवघरं, विजेचे दोन मीटर. जिना बाहेरून, म्हणजे वरच्याला खालच्याचं तोंड बघायला नको. एकाला वाढीव खिडकी दिलीत तर दुसऱ्यालाही दिलीत. एवढी काटेकोर वाटणी करणाऱ्या माणसाला आपली बायको मोजायची राहते?

तिनं तुम्हाला विचारलं होतं, अण्णा. फरशी बसत होती, आणि तिनं तिच्या सायखेड्याच्या बोलीत हळूच विचारलं होतं, "आवं, आपून दोघांनी कुठं पडायचं?" तुम्ही म्हणालात, "आपलं काय, एक महिना खाली, एक महिना वर." वास्तुशांतीला तर हेच वाक्य पाहुण्यांसमोर मिरवलंत. "भावाभावांत भिंत नको, म्हणून मी आधीच मजला घातला. आम्ही म्हातारा-म्हातारी महिना-महिना राहू." लोकांनी माना डोलावल्या. माणूस दूरदृष्टीचा, म्हणाले.

आणि तुम्ही स्वतः वर किती राहिलात? एक दिवससुद्धा नाही. गुडघे दुखतात म्हणून खालची रस्त्याकडची खोली धरलीत ती शेवटपर्यंत. तुमचं तेरावं झालं, खोली सुनीलच्या मुलाच्या अभ्यासाला गेली, आणि तुमचं ते वाक्य एकट्या आईच्या माथी आलं.

तेव्हापासून अमावस्या झाली की आई ट्रंक घेऊन जिना चढते, पुढच्या अमावस्येला उतरते. तिला इंग्रजी तारखा कळत नाहीत, म्हणून पाळी तिथीवर. खाली हॉलमध्ये झोपते, वर हॉलमध्ये झोपते. टीव्ही बंद होईपर्यंत दिवाणावर बसून पेंगते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ती तर दोन्ही घरांची मालकीण होती. तुमचे मुलगे वाईट वागतात असं नाही हं. शिवीगाळ नाही, भांडण नाही. तुम्हाला हवं होतं तसंच झालंय. भांडायला आधी एकमेकांच्या घरात जावं लागतं.

मग यंदा अधिक महिना आला.

वर्षाचे बारा महिने तुम्ही सहा-सहा असे छान वाटलेत, तेराव्याचं काही सांगून ठेवलं नाहीत. वैशाखात आई सुनीलकडे होती. अमावस्येला ती ट्रंक घेऊन निघाली तर अनिल जिन्यातच म्हणाला, "आई, अधिक हा काही खरा महिना नाही. माझी पाळी निज ज्येष्ठापासून." सुनील म्हणाला, "माझा वैशाख संपला, मी कशाला ठेवू?" जन्मात एकमेकांशी न बोलणारे दोघे त्या दिवशी अर्धा तास बोलले, आणि तोडगा काय काढला? "धोंड्याचा महिना म्हणजे लेकी-जावयाचा मान. ताईकडे जाऊ दे." रिक्षात घालून पाठवून दिलं तिला. सोबत जावयासाठी खोबऱ्याची वाटीसुद्धा नाही. बिचारीनं माझ्याच घरातला गूळ आणि तांदूळ घेऊन माझ्या नवऱ्याला अनारसे केले.

अधिक संपला. मी अनिलला फोन केला, तर म्हणतो, "ताई, तो महिना तू माझ्या वतीने केलास ना? माझी पाळी झाली. आता दादाची." सुनील म्हणतो, "तो महिना कोणाच्याच हिशेबात नव्हता." आई ऐकत होती. तिनं ट्रंकेचं कुलूप तेवढं ओढून बघितलं.

आमच्याकडे ती जड नाही. दोनच खोल्या आहेत, पण हे स्वतः म्हणाले, "राहू द्या त्यांना कायमच्या." आईच ऐकत नाही. "लेकीच्या दारात नाय मरायचं मला. मला माझं घर हाय ना?" या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ, अण्णा? तुम्ही द्या ना.

परवा दोघे भाऊ आले. मला वाटलं, न्यायला आले. हक्कसोडपत्रासाठी आले होते. दोन मजले दोघांच्या नावे करून घ्यायचेत, आणि वारस म्हणून माझी सही लागते. आईला तर त्यांनी मागेच कचेरीत नेऊन आणलंय. "इथं कर" म्हणाले, तिनं केली. आता एकटी मी अडतेय. सुनील म्हणाला, "ताई, अण्णांची इच्छा तुला माहीतच आहे. बहिणीनं भावाच्या घरावर हक्क सांगायचा नसतो." अगदी तुमचा आवाज. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चहा केला, दोघांना दिला, आणि कळवते म्हणाले.

ते गेल्यावर आईला म्हटलं, "मी सही करत नाही. माझा हिस्सा मागते आणि त्यात तुला खोली घेते." तुम्हाला वाटत असेल, ती मला रागावली असेल. एरवी रागावलीच असती. ती हाताच्या बांगड्या फिरवत म्हणाली, "खोली केवढी का असंना. तिला दार पायजे, आतून कडी लावता यील असं. लय दिस झाले, मी कडी लावून निजले नाय."

ऐकलंत? तुमच्या संसारात सारा जन्म काढून बाईनं कडी मागितली.

तर अण्णा, शब्द देते. कळवते म्हणाले होते, ते पहिल्यांदा तुम्हाला कळवतेय. मी सही करणार नाही. नातं तुटलं तर तुटू दे, माहेर संपलं तर संपू दे, वकील करावा लागला तर तोही करीन. रस्त्याकडची तुमची खोली मी माझ्या हिश्शात घेणार, तिची हॉलकडची वाट बुजवणार आणि बाहेरच्या भिंतीला तिसरं दार पाडणार. सुनील-अनिल भांडतील. माझ्याशी भांडतील, एकमेकांशी भांडतील, तुमचं नाव घेऊन घेऊन भांडतील. भांडू देत. आई आतून कडी लावून झोपलेली असेल.

तुमची मुलगी,
सुनंदा