सहा देशांची विमानं आणि आमची चंद्री

सोमवार, ९ फेब्रुवारी
...आणि त्या सकाळी मी सडा टाकला, चूल पेटवली, शेण भरलं. हे चंद्री म्हशीच्या कासेला पाणी मारून धारेला बसले. मी बादली नेऊन दिली. चौतीस वर्षं बादली नेऊन द्यायची ती मी, पुढचं सगळं ह्यांचं. साधी सकाळ होती. तिसऱ्या दिवशी हे गेले. त्याला चार महिने झाले.

आठवलं, कारण आज धारेला मी बसले. इतके दिवस नरहरी भावजी काढून देत होते. आजपासून लवळ्याच्या कॉलेजवर त्यांची सिक्युरिटीची ड्यूटी पहाटेची झाली. त्यात अवघड काय? चंद्री एवढंसं पिल्लू, वगार, असल्यापासून मला ओळखते.

भावजींना पाच लिटर द्यायची. आज अर्धा लिटर.

अकरा वाजता डोक्यावरून विमान गेलं. पत्रा थरथरला. मग पेपर वाचला. सहा देशांची हवाई दलं पुण्यात जमली आहेत, वीस तारखेपर्यंत लढाईचा सराव. आजच सुरू. कारण सापडलं.

मंगळवार, १०
पाव लिटर. विमानं चार.
वरच्या खोलीतला भाडेकरू शैलेश हिंजवडीला कंप्युटरवर असतो. त्याने विचारलं, मावशी, धार साडेपाचला, विमानं अकराला, मग कसं? म्हटलं, जनावर कालचं लक्षात ठेवतं. तो म्हणाला, सोमवारी तर पहिलंच विमान धारेनंतर आलं. म्हटलं, रविवारी गुपचूप येऊन जागा बघून गेले असतील. बॅग उचलून कामाला गेला. शिकलेल्या पोरांना सगळं समजावून सांगावं लागतं.

गुरुवार, १२
लाथ मारली. गुडघ्याला लागलं. चंद्रीचा दोष नाही.
हवाई दलाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. महोदय, आपण देशाचं रक्षण करता, करा. पण पाहुण्यांना घेऊन रिहे गावातल्या विधवेच्या म्हशीवरून कशाला जाता? तिकडे समुद्र रिकामा आहे. शेवटी 'आपली नम्र' लिहिलं होतं, ते खोडलं.
शैलेशला म्हटलं, इंग्रजीत कर आणि पाठव. तो म्हणाला, पाठवतो. चेहऱ्यावरून वाटलं नाही.

रविवार, १५
साधना आली. लेक असली तरी सासरचं शहाणपण घेऊन येते. म्हणाली, आई, म्हैस आटली, विकून टाक, कासारसाईचं गिऱ्हाईक तयार आहे. मी म्हटलं, आटली नाही, घाबरली आहे. तुझ्या बापाने वगार आणली तेव्हा कडेवर घेऊन ओढा ओलांडला होता. ती म्हणाली, बाबा आता नाहीत. हे मला माहीत नव्हतं, सांगितलं ते बरं केलं.
शेवटी ठरलं. वीसला सराव संपतो. बावीसला गिऱ्हाईक येईल, आपल्या डोळ्यांनी धार बघेल. दूध आलं तर चंद्री इथेच. नाही आलं तर दावं त्याच्या हातात. मी लगेच हो म्हटलं. मला खात्री आहे.

मंगळवार, १७
चंद्रीच्या कानात कापूस घातला. तिने मान झटकली. कापूस बादलीत. बादलीत दूध नव्हतंच, त्यामुळे नुकसान नाही.
शेजारची साळूबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, मी बसू का. म्हटलं, नको, तिला माझीच सवय आहे.

शुक्रवार, २०
सराव संपला. पाहुणे आपापल्या देशात गेले. पेपरात फोटो आहे, सगळे हसत उभे. हसा.
उद्यापासून पाच लिटर.

शनिवार, २१
आकाश स्वच्छ. एक विमान नाही. दूध एक वाटी.
नऊच्या सुमाराला लांबून एक पांढरं विमान गेलं. शैलेश म्हणाला, ते दिल्लीचं, प्रवासी. विमान ते विमान.

रविवार, २२
गिऱ्हाईक आलं. साधना आली. साळूबाई बोलावल्याशिवाय आली. मी बसले. चंद्रीने पाय आपटला, बादली कलंडली. दूध चार थेंब. गिऱ्हाईक दावं सोडायला पुढे झालं.
साळूबाईने मला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि बसली. म्हशीला शिवी दिली, मग पाठ थोपटली, मग कास चोळली. आधी चंद्रीच्या वगारीला सोडून तोंड लावू दिलं. तेवढ्यात डोंगराआडून लढाऊ विमान आलं, आपल्याच देशाचं, अगदी डोक्यावरून. पत्रा वाजला. कोंबड्या पळाल्या. चंद्रीने कान हलवला नाही. रवंथ करत पान्हा सोडला. बादलीत फेस वर आला. पावणेतीन लिटर.
गिऱ्हाईक म्हणालं, चांगली हाय की, नेतो. साधनाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग माझ्याकडे न बघता भांडी घासत बसली.
साळूबाई माझा हात हातात घेऊन बघत राहिली. म्हणाली, "तुळजे, तू धार न्हाई काढत. चिमटं काढतीस तिला. नखं बघ की जरा."
मग हळूच म्हणाली, "कदी काढलीयास का गं आदी?"
मी म्हटलं, हो तर.
नाही काढली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. म्हणाले, तुझा हात गरम आहे, जनावर बिथरतं. मी मानलं. चौतीस वर्षं मानलं. शिकवायला किती वेळ लागला असता? आठ दिवस? आणि काही न सांगता निघून गेले. दोन आठवडे सहा देशांना शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या ह्यांच्या वाट्याच्या होत्या.

सोमवार, २३
पहाटे नखं काढली. साळूबाईच्या गोठ्यात गेले आणि तिच्या म्हशीपाशी, तिच्या शेजारी बसले.