म्हशाच्या जत्रेतलं डोहाळजेवण

ती. सकुआक्कास, धाकट्या वाल्मिकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भावोजींनाही सांग. तुझा मोतीबिंदू निघाला, डोळ्यावर अजून हिरवी पट्टी आहे आणि पट्टीआडूनही तुझं सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष आहे असं कळलं. म्हणजे तब्येत सुधारते आहे. (पूजा, पत्र तुलाच वाचून दाखवायचं आहे. सासूबाईंसमोर कंसातलं मनातल्या मनात वाचत जा.) फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मी हॅलो म्हणतो आणि पुढचं सगळं तू बोलतेस. आज मला बोलायचं आहे, आणि मधे कोणी काही विचारलं तर मला रडू येईल.

आपली वैष्णवी बाळंतपणाला माहेरी आल्यापासून जेवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. सातवा लागला तरी तिचं अन्नावरून मन उडालेलंच. भाताची वाफ आली की तोंडाला पदर लावून बाहेर पळते. आता आक्का, आपल्या घरात जन्मभर भाताशिवाय दुसरं काय शिजलंय? शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघितला आणि मलाच झापलं, जणू पोरीच्या ताटातला घास मी उचलतो. काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं की पोरीचं एकच उत्तर, "काय नाय, बाबा." रखमीने शिरा केला, घावन केले, कुठून तरी चीक आणून खरवस केला. पोरीने वास घेतला आणि मी खाल्ला. (माझं वजन छान वाढलं आहे.) शेवटी आम्ही नवराबायकोने ठरवलं की डोहाळजेवण दणक्यात करायचं. समोर पाच पक्वान्नं, शेजारी पाच सवाष्णी, म्हणजे लाजेकाजेने तरी पोर पोटभर जेवेल. दुसरी कसलीही हौस नव्हती गं. तिला एकदा पोटभर जेवताना बघायचं होतं, बस.

व्याहीमंडळी माळकरी. कांदा-लसूण चालणार नाही, असा विहीणबाईंचा आसनगावहून निरोप आला. रखमीने तो इतका मनावर घेतला की घरातली सुकट आणि बोंबील शेजारी देऊन टाकले, बरण्या फोडल्या आणि बरण्यांची फळीसुद्धा शिकेकाईने धुतली. (मांजर अजून त्या फळीकडे बघत बसतं.) मग बेत ठरवायला बायका बसल्या. पुरणपोळी ठरली, तर कोणी म्हणालं भोपळ्याच्या घाऱ्या नकोत का. घाऱ्या ठरल्या, तर अळूवडी रुसली. बिरडं बिनकांद्याचं करायचं म्हटल्यावर तर आपली म्हातारी काकी उठूनच गेली. मसालेभात मी सुचवला. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

आता माझी अक्कल ऐक. तारीख मी काढली. पौषात कशाला, असं सगळे म्हणत होते. पण सातवा महिना काही पौषाला विचारून येत नाही. मी म्हटलं, म्हशाच्या जत्रेचा दिवस धरू. अख्खा मुरबाड तालुका त्या दिवशी म्हशाला असतो. घरात जवळची चार माणसं, गडबड नाही, गोंधळ नाही, पोर निवांत जेवेल. माझ्या या हुशारीवर मी स्वतःच दोन दिवस खूश होतो. आपलं घर म्हशाच्या रस्त्यावर आहे, एवढी एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

पहिला दगा आचाऱ्याने दिला. सुनिल आचारी दरवर्षी जत्रेत भज्यांचा गाडा लावतो, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यामागे मोठी पातेलीही म्हशाला गेली. मग गावभरची पातेली गोळा करून बायका पुरणाला लागल्या आणि मसालेभाताचा उलथणा माझ्या हातात आला. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "वाल्मिकदादा, पोरीचं डोहाळजेवान हाय नी आमाला सांगलाव पन नाय?" आपला मामेभाऊ चंदर! अख्खं खटलं घेऊन जत्रेला निघालेला, सोबत विकायचा बैल. जाताना जेवूनच जाऊ म्हणाला. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. माझ्या व्याह्यांनी बिचाऱ्यांनी काही धाडलं नाही, मामेभाऊच बैल घेऊन आला. बैल त्याने मांडवाच्या खांबाला बांधला आणि बैलाने वैष्णवीच्या झोपाळ्याच्या झेंडूच्या माळा खायला सुरुवात केली. त्या दिवशी आपल्या दारात मनापासून पहिला कोण जेवला असेल तर तो.

चंदरला पंगतीत बसलेलं बघून मागचे थांबले. त्यांना बघून त्यांच्या मागचे थांबले. कोणाला नाही म्हणू? सगळी आपलीच, सोयरी नाहीतर सोयऱ्यांची सोयरी. मी वाढायला पळालो आणि इकडे भात खाली लागला. तो करपट धूर, आक्का, इतक्या मोठ्या अंगणात दुसरीकडे कुठे न जाता सरळ पोरीच्या ताटावर गेला. नुकतं तिचं ताट मांडलं होतं, भोवती रांगोळी, सवाष्णी घास भरवायला टेकलेल्या. हिरव्या साडीतलं माझं पोर तोंड दाबून उठलं ते विहिरीपाशी जाऊन बसलं. परत आली तर पाटावर चंदरची आई, आपली मामी, बसलेली. "ताट कोनाचा हाय कलला नाय, गो. मना वाटला माजाच," म्हणाली. पेढा आणि बर्फी झाकलेल्या वाट्याही तिनेच उघडल्या आणि दोन्ही खाल्ल्या, त्यामुळे मुलगा की मुलगी हेही कळायचं राहिलं.

सगळी जत्रा जेवली, आक्का. ढेकर देत, आशीर्वाद देत म्हशाला गेली. जिच्यासाठी चूल पेटवली ती माझी लेक लिंबाची फोड चोखत खाटेवर पडली होती. मी रिकाम्या पातेल्याजवळ बसलो आणि मला माझीच कीव आली. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटली. असो. तुझ्या डोळ्याला जप, औषधाचे थेंब वेळेवर घाल.

तुझा वाल्मिक

ता. क. पत्र घेऊन आलेले आपले जावई संदेशराव दारात उभे असतील. त्यांच्या हाती तुझ्या हातच्या सुकटीच्या चटणीचा एक डबा दे. सगळे गेल्यावर पोर माझ्या कानात म्हणाली, "बाबा, मना आत्याच्या हातची सुकट खावीशी वाटतंय, पन सासूबाईंना कसा सांगू?" शाळेला भातसानगरला तुझ्याकडे होती ना, तीच चव जिभेवर आहे. डोहाळा राहिला तर बाळाची लाळ गळते म्हणतात. जावयांना मी गोडा मसाला आणायला धाडलं आहे. डबा घट्ट बांध, वास येता कामा नये.

ता. क. २ चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो. जत्रेच्या गर्दीत जीप अडकल्यामुळे डोहाळजेवणाला आलेल्या विहीणबाई रात्री इथेच राहिल्या होत्या. सकाळी मला परसात गाठून म्हणाल्या, "मी आयकला काल. माज्या बालंतपनाचे येलंला मना पन असाच झालता, पन कोनी दिला नाय. पोरीला खाऊं द्या. तुलशीची माल माज्या गल्यान हाय, तिच्या पोटान नाय." संदेशलाही त्यांनीच सांगून ठेवलं आहे. मी त्यांच्या पाया पडलो.

तेव्हा डबा मोठा दे आणि लपवालपवी फक्त एकीपासून करायची आहे. पोरीने आईच्या हातचं सोडून तुझ्या हातचं मागितलं, हे रखमीला कळलं, तर या घरात न जेवणाऱ्या दोघी होतील.