बसताना तो थांबतो

काका, आज तुमची शिवी खावीशी वाटतेय. चूकच तशी केली आहे.

घाटकोपरच्या तुमच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानातला माझा पहिला महिना. एका सोसायटीच्या पंपाची मोटर बाकड्यावर फिरतेय. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकतोय. "ओके आहे, काका." तुम्ही स्विच बंद करता. "मेल्या, आता ऐक! करंट असताना सगळीच गुरगुरतत. थांबताना काय करता ता ऐक." वेग उतरला आणि आतून बारीक खरखर आली. त्या दिवसापासून हा कान माझा झाला. आज मुलुंडपर्यंतच्या बिल्डिंगांचे पंप मी सांभाळतो, ते त्याच्याच जोरावर. लोक म्हणतात, शेठ गेटवरूनच सांगतात काय बिघडलंय. मीही ते ऐकून जरा फुगतोच.

आमच्या घरी अकरा वर्षांचा एक गावठी कुत्रा आहे. बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा. गेला महिनाभर तो गप्प झाला होता. सोफ्यावर उडी नाही, कुरिअरवाल्यावर भुंकणं नाही. मी येईल-जाईल त्याला सांगत सुटलो, वयानं शहाणा झाला बघा. बायको म्हणाली, "अहो, शहाणा कसला, त्याला काहीतरी दुखतंय." मी म्हटलं, "दुखलं असतं तर केकाटला असता. मला ऐकू आलं नसतं होय?" ती म्हणाली, "तुम्हाला फक्त मोटारी ऐकू येतात."

मागच्या रविवारी सकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो. तो मागून आला. फरशीवर नखांची टकटक ऐकली. तीन पाय नीट वाजत होते, चौथा नुसता घासत होता. मग तो बसायला लागला आणि मध्येच थांबला. अर्धवट वाकलेला, श्वास धरून. मग एकदम धप्पकन खाली, आणि धरलेला श्वास सुटला. काका, माझ्या हातातला कप तसाच राहिला.

मग डोळे उघडून बघितलं. मागच्या उजव्या पायाचे केस चाटून चाटून तांबूस झालेले. पंख्याखाली बसूनही धाप. कमरेवर हात ठेवला, तर गुरगुरला नाही की चावला नाही. ओठ चाटले, कान मागे घेतले आणि तोंड फिरवलं. वर शेपूट हलवत होता! मी माझीच गुडघेदुखीची गोळी अर्धी करून द्यायला निघालो होतो. बायकोनं हात धरला, म्हणून थेट डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, पण तुमच्यासारख्याच फटकळ. "माणसाची गोळी दिलीत तर जीव जाईल त्याचा. आणि ओरडायची वाट काय बघता? कुत्रं दुखणं लपवतं. काय करायचं सोडलंय त्यानं, ते बघायचं." खुब्याचा सांधा झिजलाय. पूर्ण बरा होणार नाही, पण दुखणं आवरता येईल, म्हणाल्या.

तर आवरायचंच. गुळगुळीत फरशीवर घरभर रबरी चटया टाकल्या. सोफ्याला प्लायवूडचा उतार मी स्वतः ठोकला. औषधाची वेळ चुकवत नाही. खालच्या पायऱ्या त्याला उचलून उतरवतो. वॉचमन हसतो, "काय शेठ, राजेसाहेबांची पालखी निघाली?" निघू दे. काल तो न थांबता बसला. आज पुन्हा थांबला. उद्या डॉक्टरांना सांगणार. त्याचा एकही दिवस आता माझ्या कानावेगळा जाणार नाही.

हे कागदावर लिहितोय खरा, पण पाठवायला पत्ता कुठला? आणि पत्ता असता तरी पुढचं लिहायची हिंमत झाली नसती. शेवटच्या वर्षी तुम्हीही स्टुलावर बसताना असेच मध्ये थांबायचात. मला ऐकू यायचं, काका. विचारलं असतं, तर तुम्ही दुकान बंद करून गावाला गेला असता, आणि माझं शिकणं अर्धं राहिलं असतं. म्हणून मी मान खाली घालून वायर गुंडाळत राहिलो.