शेंदराखालचा हात

सोलापूर, पौष शुद्ध पंचमी, शके १८५१. सायंकाळ.

वळसंगजवळ बिरोबा म्हणून पुजतात त्या जुन्या दगडाची शेंदराची खोळ गळून पडली असे कळले, म्हणून सकाळीच गेलो. रविवारी वाचनालयात त्याच दगडावर माझे भाषण आहे. लढाईत पडलेल्या वीराचा दगड, असे तीन छापील पुस्तकांत आहे. मीही तेच लिहून ठेवलेले.

दगडावर वीर नाहीच. कोपरात वाकलेला उभा हात आहे आणि हातात बांगड्या. म्हणजे नवऱ्यामागे चितेवर गेलेल्या बाईचा, सतीचा दगड. तिन्ही पुस्तकवाल्यांनी एकमेकांचेच वाचले, शेंदराखाली कोणी पाहिले नाही. मी तरी कुठे पाहिले होते?

कागदावर ठसा घेऊ द्या म्हणालो, तर पुजारी सिदूमामा धनगर तेलात शेंदूर कालवता कालवता हसला. "पंत, देवाला उगडं ठिवत्यात व्हय? तुमच्या आंगावर सदरा हाय की!" माझ्यादेखत लेप चढला. बांगड्या किती, तेही मोजायचे राहिले.

शोध लागला म्हणून आनंद व्हावा, नाहीतर त्या बाईसाठी वाईट तरी वाटावे. काहीच वाटत नाही. कोण होती, कोण जाणे. बांगड्या होत्या, एवढे नक्की.

आता पुरावा म्हणजे मी एकटा. आणि सभेत ज्याला त्याला "आधार कोणत्या ग्रंथाचा?" म्हणून टोचणाराही मीच.

भाषणातला वीर खोडला. तिथे लिहिले, 'हे मी डोळ्यांनी पाहिले.' खाली ग्रंथाचे नाव घालतो, ती जागा कोरी सोडली आहे.