अक्काच्या पिवळ्या गोळ्या

प्रिय अक्का,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठली आणि तुझी सुमन मागीलदारी येऊन मला म्हणाली, "मामा, आयनं मला एकदा तरी बोलवायचं व्हतं. मी तिची कोन नव्हते काय?" मी हात धूत होतो, तो धूतच राहिलो. तुझ्या लेकीला जे सांगायचं, ते आधी तुला लिहायला बसलोय.

तुझ्या पोटात कॅन्सर होता, अक्का. हा शब्द मी तुझ्यासमोर एकदाही काढला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. औषध जुनं, हिवतापाचं. ते कॅन्सरवर चालतं का, हे डॉक्टर पाहत होते. गुण येईलच असं नाही. "बहिणीला तिच्या भाषेत सगळं सांगा. नको म्हणाली तर घरी न्या." मी मान डोलावली! हिवतापखात्यात नोकरी करणारा, गावोगाव गोळ्या वाटत लोकांना उपदेश करणारा मी शहाणा! आणि तुला सांगितलं काय? "हिवतापाच्या गोळ्या हायत, अक्का."

केवढी हसलीस तू! "म्हंजे थंडीतापच नं रे? मी उगाच घाबरले व्हते."

तिथं इस्पितळात त्या गोळ्यांनी तू हळदीसारखी पिवळी झालीस, अन्न जाईना. सुमनला आणतो म्हटलं, तर माझ्यावरच डाफरलीस, "थंडीतापासाठी बाळंतिणीला एश्टीत घालतोस? लाज नाय वाटत? भाताच्या लावणीला मी घरी हाय."

तेव्हा तरी मी तोंड उघडायचं की नाही? तुझं हसू जाऊ नये म्हणून गप्प बसलो, असं वर्षभर मनाला सांगत आलो. खोटं आहे ते. तुला रडताना बघायची मला भीती वाटत होती.

एवढा कसा गं विश्वास ठेवलास? एकदा तरी उलटून विचारायचंस!

लावणीआधीच गेलीस, नातवाचं तोंड न बघता. डॉक्टरांना मी दोष देत नाही. गुण येईल का हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तसं ते सरळ म्हणाले. तुला कॅन्सर आहे हे मला ठाऊक होतं. मला लाज वाटते, अक्का.

उद्या सकाळी सुमन सासरी उमरठला निघेल. मी तिच्याबरोबर जाईन आणि तिचं घर येण्याआधी सगळं सांगेन. ऐकून तिनं मला मामा म्हणणं सोडलं, तर तुझी शपथ, मी तिची समजूत घालायला जाणार नाही.

तुझा,
दामू