समिधाच्या नावाचे तास

९ एप्रिल, बुधवार

मुग्धा. दुसरं कोण असणार!

समिधाचं नाव ऑनर सोसायटीच्या, म्हणजे शाळेतल्या निवडक गुणी मुलांच्या, यादीतून काढलं. शाळेत सोसायटीचं सगळं बघणारे रिझवान सर फोनवर इतकं गोड बोलले की मला आधी वाटलं, अभिनंदनच करतायत. मार्कांचा प्रश्नच नाही म्हणे. प्रश्न समाजसेवेच्या तासांचा. 'मॅडम, वो घंटे बच्ची ने नहीं किये, हमें पता चल गया है.' कुणी सांगितलं, ते मात्र सांगणार नाहीत.

नका सांगू. मला कळतं.

रमजानात इफ्तारचे डबे भरायला समिधाऐवजी मी गेले होते. हो, गेले! पोरीच्या परीक्षा तोंडावर होत्या. तिचा टी-शर्ट घालून, त्यावर तिच्या नावाचा स्टिकर लावून दर शनिवारी खजूर आणि लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्या भरल्या. कंबर मोडली माझी. डबे भरले गेले ना? मग कुणाच्या हातांनी भरले ही पंचाईत कशाला!

तिथे मला ओळखणारी एकच बाई होती – हजेरी घेणारी मुग्धा. आमच्याच बिल्डिंगमधली, दुबईत आल्यापासूनची मैत्रीण. स्टिकरकडे बघून हसली आणि समिधाच्या नावापुढे खूण केली. तिची शुभ्राही यंदा यादीत आहे. ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

१० एप्रिल

सुजीत म्हणतो, जाऊ दे, खलास. बापाचं काय जातंय! समिधा तर तोंडच उघडत नाही. काही विचारलं की, 'लीव्ह इट, ममा.' मीना बाजारातून आणलेला पांढरा ड्रेस कपाटात लटकतोय. समारंभात पांढरे कपडे घालून, हातात मेणबत्ती घेऊन शपथ घ्यायची असते. सोसायटीचं नाव असलं की बाहेरच्या कॉलेजांत वजन पडतं. सगळं गेलं, एका बाईच्या जळफळाटापायी.

११ एप्रिल

मुग्धाने नारळाच्या वड्या पाठवल्या. वर निरोप – समिधाला आवडतात म्हणून. काय हिंमत!

वड्या केरात. डबा घासून रिकामाच परत पाठवला. चिमूटभर साखरसुद्धा घातली नाही. माझ्या आईने बघितलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण बरं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

लिफ्टमध्ये गाठ पडली. "शोभना, माझं काही चुकलं का गं?" असा चेहरा करून विचारलं की कुणालाही दया यावी. मी मजल्यांचे आकडे बघत राहिले.

१४ एप्रिल

शाळेत जाऊन आले. रिझवान सरांना सांगितलं की शुभ्राने अर्जाला जोडलेला निबंध तिच्या पुण्याच्या मामाने लिहिलाय. खोटं नाही हे! मुग्धानेच मला सांगितलं होतं, कुसैसच्या पार्कात चालताना, 'कुणाला बोलू नकोस हं' म्हणून. नव्हतेच बोलले. पण यांना एवढा चारित्र्याचा पुळका आहे ना, मग होऊन जाऊ दे सगळ्यांचीच झडती.

सरांनी पेन खाली ठेवलं. थँक यूसुद्धा म्हणाले नाहीत.

१६ एप्रिल

शुभ्राचं नाव काढलं! आयांच्या ग्रुपवर आलंय. विचारल्याबरोबर कबूल झाली आणि भर वर्गात रडली म्हणे.

फिट्टंफाट. आज श्रीखंड केलं. सुजीतने विचारलं, काय विशेष? म्हटलं, काही नाही. समिधा पानावरून उठून गेली.

१७ एप्रिल, गुरुवार

समिधा स्वयंपाकघरात आली. कितीतरी महिन्यांनी मला आई म्हणाली, आणि मराठीत बोलली.

"आई, सरांना मीच सांगितलं. इंटरव्ह्यूमध्ये. मला ती शपथ खोटी घ्यायची नव्हती."

सरांनी खात्री करायला मुग्धाला फोन केला होता. तिने ठासून सांगितलं – समिधाच येत होती, हजेरी मी स्वतः घेतलीय. मग सरांनी समिधाला पुन्हा बोलावलं. ती मॅडम असं म्हणते, तुला काही बदलायचंय का? ही नाही म्हणाली.

"मुग्धामावशी आपल्यासाठी खोटं बोलली, आई. आणि कुणीतरी जाऊन शुभ्राचं नाव सांगितलं. कोण असेल गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.