डाव्या मडगार्डावरचं कुंकू

शिरवणे,
भाऊबीजेनंतरचा रविवार, १९६६

प्रिय रोहिदास,

आशीर्वाद नंतर. आधी एक गंभीर तक्रार दाखल करून घे. तुझ्या मामीच्या तांबड्या कोंबडीने आपल्या मोटारीच्या मागच्या आसनावर ताबा मिळवला आहे. उजव्या खिडकीची काच पुरती वर चढत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या आधी तिने हेरलं. रोज दुपारी ती आत शिरते, गादीवर अंडं घालते आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ते जाहीर करते. मी हुसकायला गेलो तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दार न वाजवता आत आलो होतो. कुळकायदा पाहता आणखी थोडे दिवस गेले तर मोटार तिच्या नावावर होईल आणि खंड आपल्याला भरावा लागेल. तुझी मामी तिच्याच बाजूची. म्हणते, "ऱ्हांव द्या, कोनी तरी बसतंय ना गारीन!" रिकाम्या गाडीचा तो टोमणा कोंबडीसाठी नव्हता, हे तुला सांगायला नको.

मोटार चिंचेखाली उभी आहे. तू श्रावणात आणून लावलीस तिथेच. तिच्यावर चिंचेचा पाला पडतो, खाडीचा खारा वारा तिच्या दांड्यांना गंज चढवतो, आणि मी शाळेतून आलो की तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो. देवळात घालतो तशीच. देव काही बोलत नाही, तीही बोलत नाही. शेत कारखान्यांत गेलं, त्याचं जे हाती आलं ते बसून खाण्यापेक्षा चार चाकांवर घालू, ही कल्पना तुझी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज कारखान्यांतले कारकून बसची वाट बघत उभे असतात, त्यांना आपण नेऊ-आणू, असं तू म्हणालास. दादरच्या डॉक्टरांची मोटार इतकी वर्षं तू अंगाला ओरखडा न लागू देता चालवलीस. मामा, आता दुसऱ्याची काच पुसणं पुरे, असं म्हणताना तुझा चेहरा कसा झाला होता! तेव्हा मी तुला म्हटलं होतं, की अश्विनीकुमारांनाही रथ मिळाल्यावर इतका आनंद झाला नसेल. तू विचारलंस, ते कुठल्या डेपोत असतात. तुला संस्कृत शिकवता आलं नाही, हे माझ्या अध्यापनावरचं जुनं लांच्छन आहे, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

म्हणून तर ग्रँट रोडच्या त्या दादीशेठच्या दुकानात आपण गेलो. जुन्या मोटारींचा तो व्यापारी; नाकावर चष्मा, अंगात सदरा आणि जिभेवर आपल्या भाषेची पारशी आवृत्ती. सायीच्या रंगाची ती लँडमास्टर तू बाहेरून पाहिलीस, खालून पाहिलीस, इंजिनाला कान लावलास. मी काय पाहणार? मला परीक्षकांच्या बैठकीला थांबायचं होतं, म्हणून मोटार तू एकट्याने घरी न्यायचं ठरलं. तू दोन दिवसांनी, माझ्याही मागून पोचलास. कळव्याला रेडिएटर उकळला, मेकॅनिकने अडकवून ठेवलं, असं म्हणालास. मामीने ओवाळलं तेव्हा तू ताटाकडे बघत नव्हतास. मला वाटलं, दमला आहे.

मग तू मोटारीला हात लावेनास. आधी डोळे दुखतात म्हणालास, मग परवाना येऊ दे म्हणालास, आणि एके दिवशी भायखळ्याच्या गोदामात राखणदार म्हणून रुजू झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. डॉक्टरांची नोकरी सोडलीस ती गोदामासाठी? मी रागावलो. दसऱ्याला मात्र मी हट्टाने तुला बोलावून घेतलं. ज्याची मोटार त्याने पूजेला नसावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

मामीने त्या दिवशी मोटारीला पाच ठिकाणी कुंकू लावलं. तिचं काम सढळ हाताचं, ओलं कुंकू, बोटबोट जाड. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन पुसायला गेलो. चार ठिकाणचं निघालं. डाव्या मडगार्डावरचं निघेना. रंगात मुरून गुलाबी डाग पडला. रॉकेलचा बोळा फिरवला तर रंगच फडक्यावर आला आणि खाली लांबी दिसली, रंगारी खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. बोटाने वाजवून पाहिलं. बाकीचा पत्रा टणटण बोलायचा, हा मडक्यासारखा. तुला हाक मारून दाखवलं. तू जवळ आला नाहीस. उंबऱ्यावरूनच म्हणालास, "दलाल लोक असेच असतात, मामा. जाऊ द्या." आणि जेवण झाल्यावर निघून गेलास.

मी जाऊ दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ग्रँट रोडला गेलो आणि दादीशेठच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, आवाज चढवला. वंचक म्हटलं, कूटव्यवहारी म्हटलं; अर्थ कळला नसला तरी सूर त्याला कळला असावा. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी आदी पानी पिऊन घ्या. मंग गाली द्या. आमी त्या गाडीला कुठे बी लांबी मारली नाय." मी पाणी प्यायलो. बाजूला एक काळी मोटार उभी होती. निघण्यापूर्वी टोपी सरळ करावी म्हणून मी सवयीने तिच्या मडगार्डाकडे वाकलो, आणि तिथेच थबकलो. कारण श्रावणात इथेच, आपल्या मोटारीच्या चकचकीत डाव्या मडगार्डात वाकून बघत, मी अशीच टोपी सरळ केली होती. तू हसला होतास. त्यात माझं नाक जरा लांब दिसलं होतं, पण सरळ दिसलं होतं. त्या मडगार्डाला त्या दिवशी खड्डा नव्हता.

मी दादीशेठची हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "आमाला रोज गाली पडते, मास्तर. आज पयलीच येळ संस्कृतमदी पडली." त्याने मला चहा पाजला. तो माणूस प्रामाणिक आहे रे, आणि तू त्याला चोर ठरवून मला त्याच्या अंगावर सोडलंस. खोटं बोललास हे मी एक वेळ गिळेन. लहानपणी बोरं चोरून तू सरळ माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणायचास. पण तेव्हा तू दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसायचास.

परतताना कळव्याला उतरलो. मेकॅनिकचं खरं-खोटं करावं म्हणून. रेडिएटर पाहणारा तिथे कुणी नाही. रस्त्यालगत पत्र्याचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांना सायीच्या रंगाची लँडमास्टर चांगली आठवत होती, कारण असं गिऱ्हाईक त्यांना पुन्हा मिळालं नाही. त्यांनी सांगितलं की आल्या आल्या तू बादली मागितलीस आणि मडगार्ड स्वतः धुतलंस. त्यांना हात लावू दिला नाहीस. मग काम होईपर्यंत बाकावर बसून राहिलास, आणि चहा दिला तो समोर गार झाला.

बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो, म्हैस असेल. घणसोलीपर्यंत म्हैस पुरली. पण म्हैस असती तर तू घरी येऊन सांगितलं असतंस, मामीने शिंगं केवढी होती ते विचारलं असतं, आणि आळीभर तीच कथा झाली असती. खांब असता तर तू खांबाला शिव्या दिल्या असत्यास. तर्कशास्त्र मी पोरांना शिकवतो. एकेक शक्यता खोडत जायचं आणि उरेल ती मान्य करायची. यावेळी मी मधेच थांबलो. उरली ती मान्य करवेना.

भाऊबीजेला तुझी आई न्हाव्याहून आली होती. माझी बहीण काही मनात ठेवणारी नाही, ओवाळतानाच म्हणाली, "पोराला काय झालंय त्ये कलत नाय रं दादा. लाँच पकरायला भायखल्यापासून धक्क्यापर्यंत चालत येतो. बस दिसली का बाजूला सरतो." मी तिला सांगितलं, वजन कमी करत असेल. ती हसली. मामीलाही मी यातलं काही बोललो नाही. हे पत्र फक्त तुझ्या-माझ्यात आहे.

आता सरळ लिहितो. मोटारीचं मला काही वाटत नाही. तू मला फसवलंस, त्याचा हिशेब आपण पुढे कधीतरी भांडून पुरा करू. माझी भीती वेगळी आहे. तुझ्या मोटारीसमोर कुणी माणूस आला होता का? आला असेल तर तो उठला का? की तू थांबलाच नाहीस, आणि तुलाही ते माहीत नाही? माहीत असेल तर येऊन मला सांग. माहीत नसेल तरी ये. आपण सायनपासून कळव्यापर्यंत रस्त्याच्या कडेने चालू, प्रत्येक वस्तीत विचारू, आणि पोलिसांपुढे उभं राहायची वेळ आली तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. एकटा जाऊ नकोस, आणि आता एकटा राहूही नकोस. मला राहून राहून वाटतं, श्रावणापासून कुठल्यातरी घरात माणसं विचारत असतील की ती मोटार कुणाची होती. रोहिदास, ती माझ्या दारात उभी आहे असं मला वाटतं, आणि मी फार घाबरलो आहे.

रागावलेला, पण तुझाच,
कमळाकरमामा